अण्णांचा खोकला आणि माझा अडुळसा

आमच्या गावच्या घराच्या कुंपणाला अडुळसा आहे. इतका कडू, की शेळीही त्याला तोंड लावत नाही. सुट्टीहून परतताना मी त्याची वाळवलेली पानं पिशवीभर आणायचो. आखातात, अल वक्राच्या खोलीत आम्ही सहा जण, आणि धुळीचं वारं सुटलं की सहाच्या सहा खोकायचे. काम इलेक्ट्रिशियनचं, पण खोलीत मी वैद्य म्हणून मिरवायचो. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

खालच्या पलंगावरचे अण्णा साताऱ्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे. साइटवर ग्रॅनाइट कापायचे. वाऱ्याचे दिवस सरले, तरी त्यांचा खोकला हटेना. मी पानं, आलं, ज्येष्ठमध उकळून पाणी निम्म्यावर आणायचो आणि वर मध घालून सकाळी कामावर निघण्याआधी त्यांच्या हातात द्यायचो. कफ सुटायचा, दोन-तीन तास बरे जायचे.

मी एकदाच म्हणालो, "अण्णा, क्लिनिकला दाखवून या."

"नगं गड्या. तितं गेलं की एक्स-रे. त्यात डाग दिसला की खलास, घरी धाडत्यात. पोरीचं लगीन हाय औंदा. तुझा काढाच बरा."

मी पुन्हा विषय काढला नाही. दवाखान्याची पायरी चढलास तर नोकरी गेली, हे इथे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शिकवतं. मला शिकवलं होतं, मीही पुढच्यांना शिकवलं. अण्णांना समजावण्याऐवजी मी काढ्यात ज्येष्ठमध वाढवला, म्हणजे कमी कडू लागेल.

चार महिन्यांनी जिना चढताना अण्णा पायरीवरच बसले. मग फोरमननेच त्यांना दवाखान्यात नेलं, सोबत मी. डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ छातीत बसली आहे, ती आता निघायची नाही. खोकला सुरू झाला तेव्हाच काम थांबवलं असतं, तर इतकं वाढलं नसतं. माझ्या काढ्याने एकच केलं होतं. अण्णांना रोज सकाळी कामावर जाण्याइतपत बरं ठेवलं होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो मी स्वतःच्या हाताने उकळला.

अण्णांना गावी पाठवलं. परवा वहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांना धड बोलवत न्हाई. काढा कसा करायचा तेवढं सांगा. म्हंत्यात, तुमच्याच हातच्या काढ्यानं आराम पडायचा."

मी पानांचं माप सांगितलं, किती उकळायचं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "देव तुमचं भलं करू दे."