नाव घातलेली परात

कुंदाबाईच्या घरी चहाला चार माणसं येत नसत, पण ताटं होती चाळीस जणांची. खाटेखाली ताटं, फळीवर वाट्या, धान्याच्या कोठीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबशा. बाई उधळी म्हणावी तर तसंही नाही, स्वतःच्या पातळाला ठिगळ लावून नेसणारी. पण अमळनेरच्या बाजारात गेली की तिचे पाय भांड्यांच्या दुकानाकडेच वळायचे. दुकानदार ताटाच्या काठावर 'सौ. कुंदाबाई तोताराम' असं नाव घालून द्यायचा, आणि तिला वाटायचं, आता झालं, आता जावा घरी येतील. हा आनंद एसटीत पिशवी मांडीवर असेपर्यंत टिकायचा. घरी येऊन ताट पुसून ठेवलं की सगळं पुन्हा ओकंबोकं व्हायचं. असं का होतं, हे काही तिला उमगत नव्हतं.

तिचं माहेर मलकापूरकडचं. तिथे कानबाई देवी बसत नाही. इकडे श्रावणात कानबाई बसते, घराण्यातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्या पिठाचे रोट होतात, आणि सारी भाऊबंदकी थोरल्याच्या घरी बसून ते खाते. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिला मानाने बोलावलं. दुसऱ्या वर्षापासून बोलावणंच बंद. थोरली जाऊ इंदिराबाई विहिरीवर दिसली तरी कळशी उचलून चालू लागायची. नवरा तोताराम मात्र दर वर्षी भावांच्या पंगतीला जायचा आणि जेवून गुपचूप घरी यायचा.

"काऊन बोलावत नाहीत हो मले?" ती विचारायची.

"तुले माहीत शे," एवढं बोलून तो कूस बदलायचा.

आता काय माहीत होतं तिला, कपाळ! आठवून आठवून तिला एकच गोष्ट सापडली. इंदिराबाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला टवका उडालेल्या कपात चहा दिला होता. हेच ते, दुसरं काय असणार? झालं, डोक्यात किडा शिरला. आधी कपबशा आल्या, मग बशांना शोभतील अशी ताटं, मग ताटांना शोभेल अशी भलीमोठी पितळी परात. जावा काही आल्या नाहीत. म्हणजे अजून काहीतरी कमी पडतंय, असा तिने हिशोब केला आणि पुढच्या बाजाराला पुन्हा पिशवी उचलली.

पुढे एका श्रावणात धाकटी जाऊ सुमनबाई दारात उभी राहिली. "अक्का, तुम्हनी मोठी परात देतस का? कानबाईना घर पीठ मळाले जोयजे."

कुंदाबाईला काय करू आणि काय नको असं झालं. तिने चिंच लावून परात घासली, नाव घातलेली बाजू वर करून सुमनबाईच्या हातात दिली. तोताराम सकाळीच भावाकडे गेला होता. हिने ठेवणीतलं पातळ नेसलं, वेणी घातली आणि दाराशी बसली. थोरल्या घरातून गाणी ऐकू येत होती. आता कोणीतरी बोलवायला येईल म्हणून ती घोटभर पाणी प्यायलाही उठली नाही. दिवेलागण झाली, पंगती उठल्या. परात आत गेली आणि ती दाराशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला नदीवर नेल्यावर सुमनबाई परात परत घेऊन आली. परातीत पुरणपोळ्या होत्या.

"आणि रोट?" कुंदाबाईने विचारलं.

सुमनबाई गडबडली. "पुरणपोळी कोनलेबी देतस, अक्का. रोट भाऊबंदकीना बाहेर देतस नही. तुम्हीन पहिल्याच साले भांडावालीले दिधा ना, थोरल्या अक्कानी पाह्यं ते. आम्हले वाटे, तुम्हले माहीत शे."

भांडेवाली! जुने कपडे घेऊन भांडी देणारी मंजुळाबाई! त्या वर्षी ऐन दुपारी टोपली डोक्यावर घेऊन आली होती, भुकेने तिचे ओठ सुकले होते, म्हणून घरी आणलेला रोट हिने तिच्या हातावर ठेवला होता. कुंदाबाईला भयंकर राग आला. पण तो कोणावर काढावा हेच तिला कळेना. तोंड न उघडणाऱ्या नवऱ्यावर, जावेवर, स्वतःवर, की त्या भुकेल्या बाईवर? भुकेल्याला दिलं ते चुकलं कसं? आणि एवढी ताटं मग कशासाठी आणली?

ती ताटांकडे बघत बसली असतानाच गल्लीत हाळी ऐकू आली. मंजुळाबाईच होती. तिने सवयीने ओट्यावर टोपली उतरवली आणि वरचं फडकं बाजूला केलं.

"पाहा बाई, नवे डबे आणले. झाकणं कशी घट्ट बसतात ते पाहा."

कुंदाबाईचा हात डब्याकडे गेला. झाकण लावून पाहिलं, खरंच घट्ट बसलं. मग डबा तिने टोपलीत परत ठेवला, आत गेली आणि खाटेखालून दोन ताटं ओढून काढली. त्यांत आजवर कधी कोणी जेवलं नव्हतं. तिने दोन्हींत पुरणपोळी वाढली आणि एक ताट मंजुळाबाईपुढे सरकवलं.

"मग कोणता देऊ, बाई?" मंजुळाबाईने डब्यांकडे बोट केलं.

"आज काही नको," कुंदाबाई म्हणाली. "नुसती बस जराशी."