आपल्या पायानं

नवस बोलताना माणसानं शब्द जपून वापरावेत, हे मी आईकडून शिकले. तिनं ते जपून वापरले नव्हते, म्हणून शिकले.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जन्मापासूनच त्याच्या दोन्ही पायांत जोर नव्हता, डावा हात मनगटात वळलेला आणि बोलणं जड. सवयीच्या माणसाला सगळं कळायचं, नवख्याला दोनदा विचारावं लागायचं. डोकं मात्र आम्हा दोघांत त्याचंच चांगलं होतं, हे मी आता मान्य करते. तेव्हा केलं नसतं. सिंदी रेल्वे या गावाच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं. तो दीड-दोन वर्षांचा असताना आई त्याला कडेवर घेऊन गिरडला गेली, टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांपुढे उभी राहिली आणि बोलली, "माहा पोरगा आपल्या पायानं पायऱ्या चढून तुह्या दारी येईन, तवा मी चादर चढवीन."

पोराच्या पायांत जोर काही आला नाही. आणि त्या एका वाक्यापायी पोराचं गिरडला जाणंच बंद झालं. आपल्या पायानं येईल असं बोललोय, मग कडेवर कसं न्यायचं? नेलं तर नवस मोडला. आणि नवस मोडला तर? त्या 'तर'च्या पुढे आई कधी गेली नाही. आमचं व्यापाऱ्याचं घर. बाजारात तोंडानं ठरलेला सौदा फिरवायचा नाही, ही आजोबांपासूनची रीत आईनं बाबांच्या दारीही लावली. ती स्वतःसुद्धा पुन्हा वर गेली नाही. "कोन्त्या तोंडानं जाऊ?" म्हणायची.

सगळी सिंदी गिरडला जायची. किराणेवाले, कापूसवाले, शेतावरची माणसं, कोणी मुलीचं लग्न जमलं म्हणून, कोणी उगाच हवा खायला. भाऊ दुकानाच्या ओट्यावर बसून जाणाऱ्यांना 'जाऊन या' म्हणायचा. टेकडीवर सुपारीसारखे गोल दगड सापडतात. परत येणारे त्याच्यासाठी दोन-चार उचलून आणायचे. तो म्हणायचा, "अर्धी टेकडी तं माह्या घरीच आली. आता बाकीच्या अर्धीसाठी काऊन जाऊ?" लोक हसायचे. मी हसायची नाही, कारण मला ठाऊक होतं. आमच्या शाळेची सहल गिरडला जाऊन आली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावून हळूच विचारलं होतं, "वरून काय काय दिसते वो?"

"शेतं."

"अन् मंग?"

"आणखी शेतं."

"तुले पाह्यताच येत नाई," तो म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे बाबूजी, म्हणजे आमचे वडील, गेले. मी लग्न होऊन वर्ध्याला आले, शाळेत मराठी शिकवू लागले. शनिवारी दुपारची गाडी धरून सिंदीला जायचे, सोमवारी पहाटे परत. मधले पाच दिवस आई एकटी त्याला उचलायची, आंघोळ घालायची, ओट्यावर आणून बसवायची. तिची पाठ वाकत चालली होती आणि मी दर शनिवारी तिच्यावरच चिडायची, "आई, बाई लाव ना कामाला." ती म्हणायची, "त्याले परकं कोन समजून घेईन?" तिचं खरं असायचं. समोरच्याचं खरं असलं की मी जास्त चिडते.

मग एका शनिवारी सिस्टरबाई दुकानात आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, राहायला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्या कुणालाही काहीही विचारू शकत. साखर घेता घेता त्यांनी आईला विचारलं, "भाबी, दिवसा शेवटचं कधी लवंडल्या?"

आईला आठवेना. ती आठवत राहिली आणि एकदम रडायलाच लागली. तिला दुकानात, गिऱ्हाइकासमोर रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सिस्टरबाईंकडे ना पैसा होता ना संस्था. ज्या घरात असं एखादं लेकरू किंवा मोठं माणूस आहे, ती घरं त्यांनी हेरून ठेवली होती. रविवारी विहारात वंदना झाली की ती सगळी तिथंच चटयांवर बसायची. आई आधी बिचकली. विहारात आपण कसं जायचं, म्हणाली. सिस्टरबाई म्हणाल्या, "चटया आमच्या हायेत, लेकरं सगळ्याईची हायेत. या." तिथं एकच देवघेव चाले, दुपारींची. प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक दुपार दुसऱ्याच्या घराला द्यायची. त्या घरी जाऊन बसायचं, भरवायचं, कूस बदलायची, गप्पा मारायच्या. तेवढ्यात त्या घरची माय झोपो, बाजारात जावो, नाहीतर बहिणीकडे जाऊन भांडून येवो. "मंगळवारची दुपार माही," "मले बुधवारची देजो," असं बोलणं गावात सुरू झालं. आमच्याकडे मंगळवारी एक गवंडी यायचा, ज्याचा मुलगा बोलत नव्हता. गुरुवारी कुणीतरी आजी. आई त्या दुपारी पंखा लावून इतकी गाढ झोपायची की पहिल्यांदा भाऊ घाबरला आणि त्यानं गवंड्याला तिचा श्वास पाहायला लावला.

भाऊही दुपार द्यायचा. शुक्रवारी एका शेतमजूर बाईची मुलगी, डोळ्यांनी अधू, आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि तो तिला सगळा बाजार सांगायचा. कोण आलं, कुणाची साडी कसल्या रंगाची, कोण उधारी टाळायला पलीकडून चाललंय. मुलगी खिदळायची. मी तो ओटा आयुष्यभर पाहिला, पण तो सांगायचा तेवढा बाजार मला कधी दिसला नाही.

एका रविवारी विहारात विषय निघाला की कुणाला कुठं जावंसं वाटतं. कुणी नागपूर म्हणालं, कुणी माहेर. भाऊ म्हणाला, "गिरड." इतकंच. मग आईनं नवसाची सगळी कथा सांगितली. खाली पाहून सांगितली.

सिस्टरबाई म्हणाल्या, "मी नवस मानत नाई. आमच्या घरी हे बंद झालं त्याले जमाना झाला. पन तुमी मानता ना भाबी? मंग मले काऊन सांगून राह्यल्या? ज्याले बोलल्या त्याले जाऊन विचारा."

मला वाटलं, आई रागावेल. ती रागावली नाही. पुढच्या शनिवारी तिनं मला सुट्टी काढायला लावली आणि आम्ही दोघी गिरडला गेलो. गाडी बरीच वर जाते, पण ती पायथ्याशी उतरली आणि पायऱ्यांनीच गेली, थांबत थांबत, पदरानं तोंड पुसत. चाळीसेक वर्षांनी. वर दर्ग्याच्या दारापाशी एक म्हातारे बसले होते, फुलांच्या परड्या पुढ्यात घेऊन. आईला आत जायचं धाडस होईना. तिनं त्यांनाच सगळं सांगितलं. नवसाचे शब्द जसे होते तसे म्हणून दाखवले.

"आपल्या पायानं?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "आपल्या म्हंजे कोनाच्या?"

"आपल्या म्हंजे... त्याच्या. पोराच्या."

"मंग 'त्याच्या' काऊन नाई बोलल्या अम्मा? बोलल्या तं आपल्या. आपल्या म्हंजे आपन सारे. पोराच्या घरचे, शेजारचे, त्याले जे जे आनतीन ते."

आईनं ते शब्द पुन्हा ओठातल्या ओठात म्हणून पाहिले. मी मराठीची मास्तरीण. 'आपण' हे सर्वनाम दोन अर्थांनी येतं, स्वतः या अर्थी आणि आपण सगळे या अर्थी, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, मुलांकडून उदाहरणं घेत आले, चुकली की रागावत आले. आणि आमच्याच घरातलं उदाहरण ओट्यावर बसून म्हातारं होत चाललं होतं. मला माझ्या पदवीची लाज वाटली.

आईला दया दाखवून कुणी नवस सोडवला असता तर तिनं मान्य केलं नसतं. पण इथं शब्द बदललाच नव्हता. तिचाच शब्द, सौदा जसाच्या तसा. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "मी 'आपल्या'च बोलली होती ना वो?" दर दहा पायऱ्यांवर विचारत होती. मी दर वेळी 'हो' म्हणत होते.

थंडीत, एका रविवारी आम्ही त्याला नेलं. दुकानातल्या लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. गवंड्यानं गाठी मारल्या आणि स्वतः बसून पाहिलं. आपापली दुपार देणारी सगळी घरं आली होती. चौघं उचलायचे, वीसेक पायऱ्यांवर बदली. भाऊ वर बसून सगळ्यांना सूचना देत होता, "डावीकडून, लेका, डावीकडून! माही वरात काही निघाली नाई, हे तं नीट निघू द्या." सिस्टरबाई पाण्याचा डबा घेऊन सोबत चढत होत्या. कुणीतरी त्यांना छेडलं, "सिस्टर, तुमी बी चादर चढवायले?" त्या म्हणाल्या, "चादर नाई, मी ह्याले चढवायले आली." मीही एका बांबूला खांदा दिला. दहा-बारा पायऱ्याच, मग गुडघ्यांनी जाहीर केलं की पुरे. आईनं मात्र शेवटपर्यंत खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला नाही. त्यानं वजन काही कमी होत नव्हतं, पण कुणी तिला दूर हो म्हटलं नाही.

चादर चढवून झाली. आई मोकळी झाली, मोठ्यानं रडली, पेढे वाटले. आता जेवायला बसायचं, अशी आमची घाई. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मले त्या कडेले नेऊन बसवा. अन् तुमी सारे भिंतीमांगं जा."

"काऊन?" आई म्हणाली.

"मले एकट्याले बसाचं हाये."

"एकटा? पडशीन ना!"

"पडलो तं आवाज देईन. माहं बसनं झालं तरी आवाज देईन."

मी मनात आठवून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत तो एकटा असा कधी नव्हताच. घरात आई, ओट्यावर बाजार, शनिवार-रविवार मी, आणि आता तर आम्ही त्याच्या दुपारीसुद्धा माणसांनी भरून टाकल्या होत्या. अभिमानानं सांगायचो, याला आम्ही एक मिनिट एकटं सोडत नाही. त्याला काय हवंय ते त्याला विचारायचं राहून गेलं होतं, आणि विचारलं तेव्हाही तो 'गिरड' इतकंच म्हणाला, कारण बाकीचं बोलायला अवघड होतं. मला फार वाईट वाटलं.

सिस्टरबाईंनीच खुर्ची हलवायला लावली. त्याला टेकडीच्या कडेच्या सपाट जागी बसवून आम्ही भिंतीमागे गेलो. वीस-बावीस माणसं, डबे न उघडता, त्याच्या आवाजाकडे कान लावून. आई दर दोन मिनिटांनी उठायची, भिंतीच्या कडेनं डोकावायला. मी तिचा हात धरला. ती सोडवू लागली, तर मी घट्ट धरला. आयुष्यात आईशी मी एवढ्या जोरानं वागले नव्हते. "थो काय करून राह्यला असंन वो?" ती कुजबुजली. मला काय माहीत? मलाही जीव तोडून पाहायचं होतं. मी पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, "बाई वो!" मला तो बाई म्हणायचा. आम्ही धावलो. तो तसाच बसलेला होता, तोंड शेतांकडे. म्हणाला, "चला. भूक लागली."

त्यानंतर मी खूपदा विचारलं. लाडानं विचारलं, चिडून विचारलं, त्याच्या आवडीची शेगाव कचोरी पुढ्यात ठेवून विचारलं. काय पाहिलंस? कसला विचार करत होतास? तो कचोरी खायचा आणि म्हणायचा, "ते माह्यं हाये." दर आठवड्याची एक दुपार मग आम्ही त्याला एकट्याला द्यायला लागलो. दार ओढून घ्यायचो. आई समोरच्या घराच्या पायरीवर बसून त्या दाराकडे डोळे लावून राहायची, पण उठायची नाही. अशा किती दुपारी झाल्या असतील? फार नाहीत. पुढच्या थंडीत त्याची छाती कफानं भरली आणि आठ दिवसांत तो गेला.

आई आता माझ्याजवळ वर्ध्याला असते. वर्षातून एकदा मी एकटीच गिरडला जाते. पहिल्या वेळी मी त्याच्या जागेवर, त्या कडेला जाऊन बसले होते. शेतं दिसली. आणखी शेतं दिसली. खूप वेळ बसले, तरी तेवढंच. आता मी तिकडे जात नाही. भिंतीमागे, जिथं आम्ही सगळे थांबलो होतो, तिथं बसते. भिंतीपलीकडे तो अजून बसलेला आहे आणि त्याचं अजून व्हायचं आहे, असं धरून चालते. डोकावत नाही. त्यानं आवाज दिला की उठायचं, असं ठरलेलं आहे.