माझ्या हातची धुतलेली नळी

लग्न होऊन मी कामठ्याजवळच्या या गावात आले ते १९९९ साली. घरात धानाची कोठी होती, दोन बैलजोड्या होत्या आणि खुंटीवर एक भरमार बंदूक होती. तिच्यात तोंडाकडून बारूद ओतायची, वर चिंधी, मग गोळी, आणि सगळं लोखंडी गजानं ठासायचं. धानात रानडुकरं घुसतात म्हणून सासऱ्यांना तिचा परवाना मिळाला होता. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे.

मामाजी बंदूक साफ करत ती जवसाच्या तेलानं. पाण्याचा थेंब चालत नसे. प्रत्येक बाराची काजळी नळीत बसायची, तिच्यावर तेल, त्यावर पुन्हा काजळी. जवसाचं तेल वाळलं की चिकट थर धरतं हे स्वयंपाकघरातली कोणतीही बाई सांगेल, पण बाईला विचारतं कोण! शेवटी चिंधी नळीत अडकायला लागली. घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी फुटायची, बार काही उडायचा नाही. मामाजी कधी बारुदीला शिव्या देत, कधी टोप्यांना. डुकरं मात्र खुशाल धान लोळवत.

"मामाजी, काजळी तेलानं निंगते का? गरम पान्यानं धुवा."

"बंदूक काय चुलीवरची कढई होय? जंग लागंल."

"ओली ठेवसाल तं लागंल. वाळवली तं कायले लागते?"

त्यांनी तेलाची बाटली पुढे ओढली. पण एक दिवस गजच नळीत रुतून बसला आणि दोघा माणसांनी ओढून काढावा लागला, तेव्हा त्यांनी बंदूक मुकाट्यानं माझ्यापुढे ठेवली. मी सोडा घातलेलं कढत पाणी नळीतून चारदा सोडलं. चिंधी पांढरी निघेपर्यंत घासलं, उन्हात वाळवलं आणि मग बोटभर तेल फिरवलं. संध्याकाळी मामाजींनी बांधावर बार काढला, तो पहिल्याच टोपीला उडाला. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आता हे काम तुझा." बोअरिंगवर पाणी भरताना मी ही गोष्ट किती जणींना सांगितली असेल!

मामाजींचा एक कायदा होता. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत येणार नाही. बार उडालेला नसेल तर ते तो बांधावर रिकामा करूनच घरी येत. धुण्याआधी मीही गज टाकून बघायची. नळी रिकामी असेल तर गजावरची खूण बरोबर तोंडाशी येते.

अशी दहा वर्षं गेली असतील. आमचे लोक माळव्यातून आलेले, दसऱ्याला शस्त्राची पूजा चुकत नाही. आदल्या दिवशी मी बंदूक धुवायला घेतली, गज टाकला, तर खूण तीन बोटं वर राहिली.

"जुनी काजळी असंल," मामाजी खाटेवरून म्हणाले. "चुलीवर शेक नळी, सुटंल."

मी नळी लाकडी दस्त्यापासून सोडवली आणि चुलीपर्यंत गेलेसुद्धा. तिथे मला राग आला. पोळ्यानंतर मी स्वतः धुतलेली नळी, त्यानंतर एकही बार उडालेला नाही, आणि तिच्यात तीन बोटं काजळी? मला काय भांडी घासता येत नाहीत? त्या रागानंच मी मागे फिरले आणि नळीत गार पाणी ओतलं, आत बारूद असेल तर भिजावी म्हणून.

दुपारी माझा नवरा घरी आला. त्यानं गजाला स्क्रूसारखा पेच लावून आतलं बाहेर ओढलं. आधी गोळी आली, मग चिंधी, मग बारुदीचा काळा चिखल. चिंधी माझ्या हिरव्या लुगड्याची होती. ते लुगडं मी त्याच आठवड्यात फाडलं होतं.

"कोन भरला?" मामाजींनी विचारलं.

"तुम्हीच, मामाजी. घरात दुसरा कोन भरते?"

मी हे चढ्या आवाजात बोलले. नळी चुलीवर ठेवली असती तर बार घरातच उडाला असता. पण त्यांचा चेहरा असा पडला की बोललेलं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दसऱ्याची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते नवऱ्याबरोबर ठाण्यात गेले आणि बंदूक, परवाना दोन्ही देऊन आले. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "भरली का रिकामी, मले आठवत नाही."

पुढे ते तेही विसरले. दर दोन-चार दिवसांनी खुंटीकडे बघून विचारत, "बंदूक कुठी आहे?"

"ठान्यात जमा केली."

"काऊन?"

मी खरं सांगायची. आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हादरत. "घरात? भरलेली? मी?" मग दिवसभर जेवत नसत. असं पाच-सहादा झालं, आणि माझ्यानं पाहवेना.

मग एकदा मी म्हणाले, "माझ्या हातानं भरलेली राहिली, मामाजी."

ते ताडकन उठून बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा जुना आवाज ऐकला. अक्कल, माहेर, सगळं काढलं. मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. मला रडू येत होतं, ते त्यांना दिसलं असावं.

ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे, रडू नोको. ठान्यात मी सांगतो, माझ्या हातानं झाला म्हनून."