गवा आला तर?

बंदूक न घेता बंदुकीचा संसार करणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. लोकांचे दीर व्यसनी असतात, राजकारणात असतात, कुणाकुणाचे तर कवीही असतात. माझे भावजी बंदूक निवडत होते. मी लग्न होऊन धुळ्याहून रावेरला आले तेव्हा निवडत होते, आणि माझ्या मुलाच्या दाढीत पांढरे केस आले तेव्हाही निवडत होते. शिकारीवर बंदी येऊन जमाना लोटला होता. परवाना मिळायचा तो पिकाच्या राखणीचा, तोही सरकारच्या मनात आलं तर. आमच्या केळीच्या बागेत सातपुड्याकडून रानडुकरं उतरायची, कंद उकरून झाडं आडवी करायची. तेव्हा हवी होती ती डुकरापुरती, खिशाला परवडणारी बंदूक. पण भावजी म्हणत, "डुकराच्या मापाची घेतली, आणि उद्या गवा आला तर?" रावेरच्या केळीत गवा आल्याचं कुणाच्या आजोबांनीही ऐकलं नव्हतं. "म्हणूनच," भावजी म्हणत, "कुणाची तयारी नाही."

आणि त्या वेळची मी! इतकी बावळट सून रावेर तालुक्यात दुसरी आली नसेल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी एक डोळा मिटून, छत्री खांद्याला लावून पाण्याच्या टाकीवर नेम धरताना दिसले आणि मी ठरवूनच टाकलं की हे मोठे शिकारी आहेत. माहेरी जाऊन तशी बढाईही मारली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय मारं त्यानी?" मी म्हटलं, "ते अजून ठरायचं आहे." पुढे एकदा भावजींना मोठं जनावर लांबून कसं दिसतं ते पाहायचं होतं. घरातलं मोठं जनावर म्हणजे म्हैस, पण ती एका जागी थांबेना. मी थांबले. काळी घोंगडी पांघरून, दोन पळ्या कानांशी शिंगांसारख्या धरून खळ्याच्या टोकाला वाकून उभी. भावजी छत्री रोखून ओरडत होते, "वहिनी, आडव्या व्हा, खांदा दाखवा! गवा असा लाजत नाही!" एवढ्यात फाटकातून सासरे आत आले. मी एक शिंग खाली टाकलं आणि घोंगडीवरून पदर डोक्यावर ओढला. सासऱ्यासमोर पदर घेणारा गवा सृष्टीत तेवढा एकच झाला असेल. सासरे चपला काढून तडक आत गेले. मग सासूबाई बाहेर आल्या. "काय वं माय, हे काय करू राह्यली?" मी खाली मान घालून म्हटलं, "गवा." त्या म्हणाल्या, "बरं. झाला म्हणजे कणीक मळ."

बंदुकीच्या नळीचं माप हाच भावजींचा देव. ठिबकची नळी, लाटणं, माझी बांगडी, सगळ्यावरून बोट फिरवून ते माप सांगत. केळीचा व्यापारी घडाचं वजन करायचा आणि भावजी शेजारी उभे राहून म्हणायचे, "हे तीनशे पंधराचं. हे मात्र मॅग्नम." मुळात त्यांच्यापुढे बंदुकीची तीन स्थळं होती. तीनशे पंधरा म्हणजे देशी, स्वस्त, गोळ्याही सहज मिळणाऱ्या. पण तिने गव्याला गुदगुल्या होणार. तीन पंचाहत्तर मॅग्नम म्हणजे गवा जागच्या जागी, पण तेवढ्या किमतीत ट्रॅक्टर येईल. मधली तीस-झिरो-सहा. तिच्याबद्दल ते म्हणत, "सगळ्याला चालते, पण कशासाठीच खास नाही. आपल्या दादासारखी." दादा म्हणजे माझे यजमान, ते पेपरामागून नुसते हुंकारत. परवडण्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. "वहिनी, सून आणि बंदूक घेताना किंमत बघू नये, पुढचा रोजचा खर्च बघावा. गोळ्या जन्मभर लागतात." मी त्यांच्यापुढचा चहा उचलून आत नेला. तेव्हापासून आमच्यात एक रीतच पडली. त्यांनी हाक मारायची, "वहिनी, चहा!" आणि मी आतून ओरडायचं, "आधी बंदूक ठरवा, मग चहा!"

मॅग्नमचा धक्का खांद्याला सोसेल का, हे पाहायला त्यांनी यजमानांना मुसळाने खांद्यावर मारायला लावलं. यजमान एरवी मवाळ, पण तीस-झिरो-सहा त्यांच्या मनात असावी. खांदा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?" भावजी कण्हत म्हणाले, "तीन पंचाहत्तरने." डॉक्टरांनी हात धुतले आणि पोलिसांना फोन लावला. लग्नाचंही तेच. दोंडाईच्याला मुलगी पाहायला गेले, मुलगी देखणी, पोहे उत्तम. भावजींनी मुलीच्या वडलांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मोठं जनावर कोणतं?" वडील म्हणाले, "म्हैस. पण ती आम्ही देणार नाही." बोलणी तिथेच मोडली. मुलगी दाराआडून हसली होती, असं भावजी पुढे कित्येक वर्षं सांगत. हसली ते म्हशीला की यांना, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मग एका वर्षी डुकरांनी कहर केला. रोज सकाळी नवी ओळ आडवी. यजमान तोवर गेलेले, शेती मुलाकडे. तो एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "काका, यंदा बाग वाचली तर वाचली. नाही तर केळी बंद. शेत बटाईने देऊन टाकतो, आपण जळगावला फ्लॅटमध्ये जाऊ." भावजींचा घास हातातच राहिला. बागेबाहेर त्यांना दुसरं जग नव्हतं. केळीच्या सावलीत खाट टाकून त्यांनी आयुष्य निवडण्यात घालवलं होतं. फ्लॅटमध्ये गवा कुठून येणार? दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते म्हणाले, "वहिनी, चला. आज घ्यायचीच."

जळगावच्या बंदुकांच्या दुकानातले चाचा त्यांना तरुणपणापासून चहा पाजत आले होते. परवाना खिशात, तोही मुदत वाढवून वाढवून मऊ पडलेला. चाचांनी तीनशे पंधरा काढून काचेवर ठेवली. "भाऊ, यही ले लो. सुअर के लिए बहुत है." भावजींनी ती खांद्याला लावली. डोळा मिटला. मी मनात गणपतीला नारळ बोलले. भावजींनी डोळा उघडला, बंदूक खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "चाचा, पण गवा आला तर?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोऱ्याला न सांगता स्वतःच उठून चहा आणला.

रिकाम्या हातांनी घरी आलो. मुलाने कपाळाला हात लावला आणि बाजारातून भोंगा आणला. त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं असतं, दिवेलागणीला सुरू करायचं. थोडेच दिवस गेले आणि डुकरं त्या तालावर कंद खाऊ लागली. मुलगा वैतागून मोबाइल पुढे धरून म्हणाला, "काका, तुम्हीच बोला. कोणती बंदूक घ्यावी ते सांगा." विचारायचा अवकाश! भावजी जेवणानंतर सुरू झाले ते दुपारच्या चहापर्यंत, चढत्या आवाजात, हातवारे करत. तेच मुलाने भोंग्यात भरलं.

डुकरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाहीत. कुत्रं तेच तेच भुंकतं, भावजींचं एक वाक्य दुसऱ्यासारखं नसे. डुकरांना अंदाजच येईना. बाग उभी राहिली, घड भरले, शेत बटाईने देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. शेजारच्यांनी ते बोलणं मोबाइलवर मागून नेलं, जामनेरपर्यंत पोचलं. चाचांना फोनवर सांगितलं तर ते हसून हसून खोकले. "इतनी सस्ती बंदूक मैंने उमरभर नहीं बेची, भाऊ! और वो भी आपने मुझसे नहीं ली." भावजी मात्र रोज संध्याकाळी भोंग्याखाली खाट टाकून स्वतःशीच वाद घालत. "छे, इथे चुकलं. पुन्हा भरायला पाहिजे."

गेल्या थंडीत ते आजारी पडले. एकदा मी उशाशी बसले होते, तर म्हणाले, "वहिनी, घेऊन टाकू का तीनशे पंधरा?" माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आणि गवा आला तर?" त्यांचा चेहरा उजळला. "तेच तर," म्हणाले, आणि समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

भोंगा अजून आहे. दिवेलागणीला केळीतून आवाज येतो, "मुळात जनावर कोणतं, ते आधी ठरवा…" मी ओट्यावर वाती वळत ऐकते. तीनशे पंधरा होते, मॅग्नम होते, मग मध्येच ते थांबून म्हणतात, "वहिनी, चहा!" आणि पाठोपाठ लांबून, स्वयंपाकघरातून, एका आगाऊ बाईचा आवाज येतो, "आधी बंदूक ठरवा, मग चहा!"

तिचं नका मनावर घेऊ, भावजी. सावकाश ठरवा. मी उठते आणि आधण ठेवते.