तिसऱ्या दिवसाच्या आधी

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आणि वाकड्यातिकड्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण माझ्या मुलींच्या हाती लागलीच तर त्यांनी हसू नये.

मोठी मुलगी जन्मली तेव्हा मी तिला अंगावर पाजू शकले नाही. आमच्याकडे पहिल्या तीन दिवसांचा पिवळा चीक वाईट समजतात. सासूबाईंनी तो फडक्यावर पिळून टाकायला लावला आणि बाळाला मध चाटवला. तिसऱ्या दिवशी तिला छातीशी धरलं, तर तिला तोंडात धरताच येईना. माझी बोंडं आत वळलेली. ती किंचाळायची, मी रडायचे. शेवटी पावडरीचे डबे आणले. आम्ही धायरीत एका खोलीत राहायचो, हे वॉचमन होते. डबे परवडणारे नव्हते. वारज्याला ज्या ताईंकडे मी भांडी घासायचे, त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. त्यांच्याकडून उचल घेतली. त्या दर महिन्याला पगारातून थोडे कापायच्या आणि मी पुन्हा डब्यासाठी मागायचे.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती उचल फिटली नव्हती. या बाळालाही डबे लागले तर मागायला मला तोंड नव्हतं. रात्रंदिवस तीच धास्ती.

शेजारीण म्हणाली, खरखरीत टॉवेलने रोज घासलं की बोंडं बाहेर येतात, कातडी टणक होते. मी मोरीचं दार लावून घासायचे. सातव्या महिन्यात इतकं सोलवटलं की ब्लाउज लागला तरी जीव जायचा.

पालिकेच्या दवाखान्यात दोनदा गेले आणि दोनदा न बोलता परत आले. रांगेतल्या बायकांसमोर हे कसं सांगायचं? तिसऱ्या वेळी सिस्टरने वजन घेतलं, कार्ड हातात दिलं, तरी मी उठेना.

“आणखी काही? की इथेच बाळंत होताय?”

मागच्या बायका हसल्या. मी पदर जरासा सरकवला. सिस्टरने उठून पडदा ओढला.

“हे काय करून घेतलंत?”

“घासलं.”

“कढई आहे का ती?”

मी पदर सावरला. मग तिचा आवाज उतरला. “घासायचं नाही, ओढायचं नाही, साबणही नको. बाळ नुसतं बोंड धरत नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात घेतं. ते मोठा आ करेपर्यंत थांबायचं. झाल्या झाल्या लावा, छाती मऊ असते तोवर. तीन दिवसांनी ती दगड होते, मग बाळ काय धरणार?”

मला मोठीचं किंचाळणं आठवलं.

“आणि चीक?” मी विचारलं.

“तो फेकायचा नाही. घरी कोण आहे?”

“सासूबाई.”

“मग खरं काम तिकडे आहे.”

बाळंतपणाला सासूबाई अकोल्याकडच्या गावाहून आल्या. धाकटी झाली आणि त्या बोटावर मध घेऊन खाटेपाशी उभ्याच.

“आत्याबाई, नको,” मी म्हटलं. लग्नानंतर त्यांना पहिल्यांदाच नको म्हटलं होतं.

“काय नको?”

“मध नको. मी पाजते.”

“मोठीले पाजलं काय वं तू? आता चीक पाजून लेकराचं पोट बिघडवतं?”

मी बाळाला जवळ घेतलं. तिचं तोंड लागलं, सुटलं. पुन्हा लागलं, पुन्हा सुटलं. सासूबाई हलल्या नाहीत. मध बोटावरून ओघळून मनगटापर्यंत आला. मी घामाने भिजले होते. सिस्टरने सांगितलं होतं तसं बाळाने मोठं तोंड उघडेपर्यंत थांबले आणि मग तिला छातीशी घट्ट ओढलं.

तिची हनुवटी हलायला लागली. घोट गिळल्याचा बारीक आवाज आला.

बोटावरचा मध सासूबाईंनी स्वतःच चाटून टाकला.

“हावरी हाये पोरगी,” म्हणाल्या.

धाकटीसाठी घरात एकही डबा आला नाही. दीड महिन्यानंतर मी पुन्हा कामाला जायला लागले आणि जुनी उचल तेवढी कापली जात राहिली. धाकटी रांगायला लागली त्या महिन्यात ताईंनी सगळा पगार हातात ठेवला. मी मोजून तशीच उभी राहिले, कापायचे विसरल्या असतील म्हणून.

“पूर्ण आहे, घ्या,” ताई म्हणाल्या. “तुमची उचल फिटली.”