शेंदूर लावलेला ब्रेक

मनकर्णाबाईंनी जीप घेतली ती वैजापुरात, एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांत रस्त्यावर आलेली गाडी. म्हणजे बाईंपेक्षा वयानं थोरली. लिंबाखाली वर्षानुवर्षं उभी, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

व्यापारी म्हणाला, "मावशी, मी भंगारात देणार होतो. तुम्ही काय करणार हिचं?"

"बसणार. कोंबड्या बसतात, मग मी का नको?"

त्यामागं कारण होतं. मालक गेल्यापासून बाई शहरात लेकीजवळ राहायच्या, पण सोयगावकडच्या उतारावरचं रान स्वतः कसून घ्यायच्या. गाव घाटमाथ्यावर, रान खाली, मधे दगडगोट्यांची वळणावळणाची वाट. इतकी वर्षं त्या पायी उतरल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि धाकटे दीर आप्पासाहेब याचीच वाट बघत बसलेले. गुढीपाडव्याला चार माणसांत बोलले, "वहिनी, ज्याला रानात पाय ठेवता येत नाय त्यानं रान करायचं कसं? माझ्याकडं सोपवा. तुमच्या वाट्याचं धान्य घरपोच येईल."

"ते धान्य नसंल भावजी, भीक असंल. दसऱ्याला मी रानात उतरते. पायानं नाय तर चाकानं. नाय उतरले तर रान तुम्ही बघा."

"जबान दिली बघा."

"दिली."

गाडी चालवायची भीती त्यांना नव्हती. माहेरी भाऊ नव्हता. वडिलांनी ट्रॅक्टरवर त्यांनाच बसवलं होतं. भीती होती ती या जीपची. वैजापूरहून ती ओढून आणली तेव्हा स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना खबर लागत नव्हती, आणि ब्रेक म्हणजे नुसतं पायाचं समाधान.

शहरात स्टेशनकडच्या गल्लीत गयासमियाँचं गॅरेज. त्यांनी जीपखालून डोकं बाहेर काढलं. "बाई, इंजिन तो शेर है. पण हिला थांबायचं कुणी शिकवलंच नाय."

"मग तुम्ही शिकवा."

शिकवायला पावसाळा गेला. पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, एका नव्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आणून जोडलं. मधेच जुन्या गाड्यांचे एक शौकीन गॅरेजात आले नि हळहळले, "आजी, असं काही बदलू नका. अस्सलपणा जातो."

"अस्सलपणा तुम्ही सांभाळा, बाबा. मला उतारावर थांबायचंय."

गाडी ताब्यात देताना गयासमियाँनी चाकाच्या फटीतून आत चमकणारी चकती दाखवली. "ड्रम बंद डबा होता. ही उघडी. चिखल चालेल, पानी चालेल. तेल नको."

बाईंनी मान हलवली. तेल म्हणजे इंजिनचं, असंच त्या समजल्या.

दसऱ्याला पहाटेच आंघोळ करून बाईंनी गावातल्या अंगणात गाडी पुजली. वाटीत शेंदूर आणि गोडं तेल कालवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला बोट लावलं. माहेरी ट्रॅक्टरची चाकं त्या अशीच पुजत. मग चाकाच्या फटीतून ती लखलखती चकती दिसली. घरात नवी आलेली, हिला विसरून कसं चालेल? बाईंनी आत हात घातला नि दोन्हीकडच्या चकत्यांना मन भरून शेंदूर माखला.

नारळ हातात घेतला तसे आप्पासाहेब पुढं झाले. "वहिनी, नारळ मी फोडतो. तुम्ही कसं..."

विधवेनं, हे त्यांनी तोंडातच ठेवलं. बाईंनी दगडावर नारळ आपटला, एका घावात दोन भकलं. एक त्यांच्या हातावर ठेवलं. "खा. आणि शेजारी बसा."

आप्पासाहेबांची बायको, जाऊबाई आशाबाई मागं बसल्या. खालचा गिअर टाकून जीप उतरायला लागली. पहिलं वळण इंजिननंच धरलं. दुसऱ्याला बाईंनी ब्रेक दाबला. पाय दबला, गाडी दबली नाही. पुन्हा दाबला. जीप आपली निघालीच.

"वहिनी, थांबवा."

 बाईंनी हँडब्रेक हळूहळू ओढला. मागच्या चाकांचे जुने ड्रम तेवढे धरायला लागले. मग डोंगराच्या अंगाला स्टिअरिंग वळवलं. जुनं असतं तर निम्मा फेरा वाया गेला असता. हे जागच्या जागी वळलं. मातीच्या कडेला, तरवडाच्या झुडपात नाक खुपसून जीप उभी राहिली. जळक्या तेलाचा वास सुटला.

आप्पासाहेब उतरून दरीकडं बघत म्हणाले, "झालं समाधान? गयासमियाँनी चांगलंच बनवलं तुम्हाला."

बाईंनी वास घेतला, मग स्वतःच्या हाताकडं पाहिलं. बोटं अजून केशरी होती.

"गयासमियाँचं काय बी चुकलं नाय," त्या म्हणाल्या. "ब्रेकला तेल मीच लावलं. पूजा म्हणून. गाडी माझी, चूक बी माझी."

"म्हंजे हरल्या तुम्ही."

"थांबवा म्हणालात, थांबवली. उतरायचं अजून राहिलंय, आणि दसरा मावळला नाय."

बाईंनी गाडीतल्या बाटलीतलं पेट्रोल फडक्यावर घेतलं नि खाली बसल्या. गुडघे कडाकडा वाजले. दोन्ही चकत्या पुसल्या, पुन्हा पुसल्या, फडकं कोरडं निघेपर्यंत. मग गाडीत एकट्याच बसून चार हात पुढं, चार हात मागं करत ब्रेक दाबून पाहिला. हळूहळू तो धरू लागला. शेवटी गाडी जागीच उभी राहिली.

आशाबाई येऊन पुढं बसल्या. आप्पासाहेब कमरेवर हात ठेवून उभेच.

"तुम्ही चालत येता का?" आशाबाईंनी विचारलं. "या गाडीला शेंदूर फासला तरी ऐकती. तुम्हाला तर कोरडं असताना बी समजत नाय."

ते मुकाट्यानं मागं चढले. तिसऱ्या वळणावर बाईंनी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी भर उतारावर उभी राहिली. 

रानात उतरल्यावर कपाशीच्या बांधाशी बाईंनी आपट्याची पानं काढली. पहिलं पान दिराच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या, भावजी. रानाचं मी बघते."

त्यांनी पान घेतलं नि कपाळाला लावलं.

एक पान बाईंनी बॉनेटवर ठेवलं. चकतीला मात्र लांबूनच हात जोडले.