जामा मशिदीची प्रदक्षिणा

तुम्ही कधी दिल्लीला गेलात तर जामा मशीद जरूर पाहा. फक्त एक लक्षात ठेवा, तिला तीन दरवाजे आहेत आणि नवख्या माणसाला तिन्ही दरवाजांच्या पायऱ्या सारख्याच वाटतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. तुमच्या आजोबांना कचेरीच्या कामासाठी दिल्लीला जायचं होतं. त्यांनी मला आणि त्यांच्या आईला, म्हणजे तुमच्या पणजीला, बरोबर नेलं. माझ्या या सासूबाईंचं सगळं आयुष्य कळंबच्या भातशेतीत गेलेलं. कशेळ्याचा बाजार आणि फार तर कर्जत, एवढंच त्यांचं जग. हिंदीचा गंध नाही. आजोबा दिवसभर कामात, म्हणून सासूबाईंना दिल्ली दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "आईला एकटं सोडू नकोस," असं ते रोज निघताना बजावत.

त्या सकाळी आधी मशीद आणि मग लाल किल्ला, असं मी ठरवलं होतं. दरवाजाशी चपला काढल्या. सासूबाईंनी आपल्या चपला पिशवीत घालून काखेत मारल्या. आतलं अफाट फरसबंद अंगण त्यांनी डोळे भरून पाहिलं. हौदाजवळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या,

"परदक्षिना कुठनं घालायची गं?"

"आई, इथे प्रदक्षिणा नसते."

"देवाच्या दारात आलो नि तशीच परत जाऊ? तू बस बाय. मी आलेच."

"लांब जाऊ नका."

"हितंच हाय गं मी. मला काय वाघ खातोय?"

अंगणाच्या कडेच्या ओवऱ्यांतून त्यांची हिरवी नऊवारी जाताना मला दिसत होती. मी मान वर करून मनोरे पाहिले, बरोबर आणलेल्या पुस्तकातली माहिती त्यांच्याशी ताडून पाहिली. मान खाली केली, तर हिरवं कुठेच नव्हतं.

खांबाआड असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ओवऱ्या धुंडाळल्या. एका दरवाजाशी गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खाली नुसती माणसंच माणसं. चपला ठेवलेल्या जागी त्या थांबल्या असत्या, पण चपला तर त्यांच्याच काखेत होत्या. आता त्या कुणाला काय सांगणार? आम्ही उतरलो होतो त्या जागेचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं नाव त्या मरेपर्यंत घेणार नव्हत्या. कळंब म्हटलं तर दिल्लीत कुणाला कळणार होतं?

हिंदी मी शाळेत शिकले होते, पण त्या वेळी तोंडातून इंग्रजीच निघालं. पायऱ्यांवर खजूर विकणारा म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी मी हातांनी नऊवारीचा काष्टा करून दाखवला.

"अच्छा, वो धोतीवाली अम्मा?" तो म्हणाला. "बेचारी हाय-हाय कर रही थीं. बहुत दर्द में थीं. लोग दवाख़ाने ले गए."

विळ्याने बोट कापलं तरी चिंधी बांधून पुन्हा कापणीला वाकणारी ही बाई. ती हाय-हाय करते आहे म्हणजे काय झालं असेल? या उंच पायऱ्यांवरून पडल्या असतील. खुब्याचं हाड मोडलं असेल, नाहीतर छातीत कळ आली असेल. म्हाताऱ्याने सायकलरिक्षा थांबवून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. गल्ल्या संपता संपेनात. तुमच्या आजोबांना कसं सांगायचं, याचे शब्द मी जुळवू लागले. "आई गेल्या," असं मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि पुढचं सुचेना.

दवाखान्याच्या दारात बायकांचा घोळका होता. आतून आवाज आला.

"अरं नको रं बाबा! बरी हाय मी! धडधाकट हाय! सून हाय माजी, तिकडं मशिदीत हाय, एकलीच हाय!"

प्रत्येक "हाय"ला दारातल्या बायका हळहळत होत्या. कंपाउंडर सुई घेऊन उभा होता आणि सासूबाई बाकाच्या टोकाला सरकून त्याला पिशवीने अडवत होत्या. आमच्याकडचं "आहे" त्यांच्या तोंडी "हाय" होतं, हे मी लग्न झाल्यापासून रोज ऐकत होते. त्या दिल्लीकरांना मात्र म्हातारी विव्हळते आहे असं वाटलं होतं.

मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"काय म्हनतोय त्यो?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठे दुखतंय, असं विचारतात."

"कुटं नाय! सांग त्याला, झ्याक हाय!"

कंपाउंडर पुन्हा पुढे सरसावला. मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि सगळेच हसले. मला हसू येईना.

"कुठं गेली व्हतीस गं?" सासूबाई माझ्यावर ओरडल्या आणि ओरडता ओरडताच रडू लागल्या. "एवढ्या लोकांत तुला कुठं हुडकायची मी? तुज्या आयशीला काय सांगायचं व्हतं?"

त्यांच्या लेखी हरवले होते ती मी. दरवाजा चुकून त्या मला शोधत खाली उतरल्या होत्या.

परतताना रिक्षात त्यांनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं, की बांगड्या हातात रुतत होत्या. सोडा म्हणायचा मला धीर झाला नाही. लाल किल्ला आला. रिक्षावाल्याने वळून पाहिलं, उतरायचं का म्हणून. दोघींनीही माना हलवल्या. किल्ला आम्ही रिक्षात बसूनच पाहिला.